चुना

पावतीपुस्तक कोरं, हिरव्या पुठ्ठ्याचं.
पहिली पावती माझ्याच नावाची:
लोटन हिलाल बडगुजर, ग्रामपंचायत शिपाई,
शाळेच्या ओट्यावर तंबाखू मळताना, रुपये दोनशे.
फाडली मीच, पैसे भरले मीच.
ग्रामसेविका म्हणाल्या, आता तुम्हाला
दुसऱ्याकडे मागायला तोंड राहिलं.

तोंडाचं म्हणाल तर
दोन वर्षांपासून दोन बोटंच उघडतं.
कळण्याची भाकरी दुधात कुस्करून,
ठेचा नुसता वासावर.

वर्षभर मी गावाच्या मागे फिरलो.
एस.टी. थांब्यावरचा पाहुणा, विडी पायाखाली दाबून
"मी तर उदबत्ती लावत होतो" म्हणणारा.
केळीचे घड ट्रकमध्ये भरणारी पोरं,
गाल फुगलेले, उत्तर द्यायला तयार नाहीत.
सोसायटीचे चेअरमन, पाचशेची नोट देऊन म्हणाले,
सुटे राहू दे, पुढच्या दीड वेळचे जमा कर.
पावत्या एकशे छप्पन्न.
एकतीस हजार दोनशे.

एवढा आकडा ऐकून ग्रामसभेला उचक्या लागल्या.
वेशीला कमान. मारुतीला नवा स्पीकर.
चेअरमनच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक.
मागून कुणी म्हणालं, अनेरकाठच्या स्मशानात शेड घाला,
तंबाखूचा पैसा तंबाखूवाल्यांच्याच कामी.
सगळे हसले. मी प्रोसिडिंगमध्ये हसू लिहिलं नाही.

मग कोकिळाबाई उठली, सुपडूची.
धुळ्याच्या चार खेपा, मुंबईच्या दोन,
शेवटी नाकातल्या नळीतून पेज.
पदर सारखा करत म्हणाली:
"हाऊ पैसा तोंडमाईन निंघेल शे.
तोंडनासाठेच लावा."
आणि बसली.
पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.
ठराव क्रमांक सात. विरोधात कोणी नाही,
चेअरमन तेव्हा बाहेर थुंकायला गेले होते.

पहिला खर्च: मोजपट्टी एक, चुना दोन गोण्या.
शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड, कायद्यानं सांगितलेले,
मी आणि सातवीची पोरं, भर उन्हात, वाकून.
रेष निघाली ती थेट कौतिकच्या टपरीच्या पोटातून.
अर्धी टपरी आत, अर्धी बाहेर.
कौतिकनं बरण्या उचलून पलीकडच्या फळीवर मांडल्या,
चॉकलेटं अलीकडे,
आणि म्हणाला, लोटन भो,
चुना माझ्याकडूनच नेलास, मलाच लावलास.

दुसरा खर्च: चोपड्याची दातांची डॉक्टर, वर्षातून दोनदा.
भाषण नाही केलं तिनं. बॅटरी घेतली, काडी घेतली,
एकेका पोराला म्हणाली, सिंहासारखं आ कर.
पोरं खिदळत होती.
भावडूच्या गालात आतून पांढरा डाग निघाला, बारा वर्षांचा पोरगा.
तिनं बॅटरी विझवली नाही, आवाजही चढवला नाही.
विचारलं, कधीपासून?
तो माझ्याकडे बघायला लागला.
पुडी आणायला मीच पाठवायचो त्याला,
सुटे रुपये त्याचे.

यंदा पावत्या एक्केचाळीसच.
आठ हजार दोनशे.
ग्रामसेविका काळजीत, फंड आटला,
डॉक्टरची दुसरी खेप कशातून करायची?
गाव सुधारलं, की पुलाखाली जाऊन मळतं,
मी खाली उतरून बघितलेलं नाही.
पावसात रेष धुऊन जाते, मी पुन्हा ओढतो.
"जमा कमी" हे दोन शब्द मात्र
या वर्षी सुवाच्य अक्षरात लिहिले.

तिसरा खर्च लहान आहे, व्हाउचर जोडलं आहे:
आईस्क्रीमच्या काड्या, गठ्ठा एक, रुपये चाळीस.
डॉक्टरनं सांगितलं, एकावर एक रचून दातांत धरा,
जबडा सैल पडेल तशी एक वाढवा.
शाळा सुटल्यावर ओट्यावर बसतो आम्ही, मी आणि भावडू,
तो बघायला, मोजायला.
तेवीस जातात.
चोविसाव्या काडीला कानाजवळ करकरतं,
डोळ्यांत पाणी येतं,
आणि हा पोरगा म्हणतो,
काका, अजून एक.