एक तारा

पियानोत तारा दोनशे अठ्ठावीस.
माझ्या नावापुढे एकच.
तो पिवळा, बाकीचे चार पोकळ,
दात पडलेल्या तोंडासारखे.

खाली लिहिलेलं:
"म्हातारा बहिरा आहे.
तासभर ठोकठोक केली, पैसे घेतले.
पियानो आधीच बरा होता."
सही, टी. एम.

विल्यांदीत टी. एम. असून असून किती असणार?
तीन रात्री मोजत पडलो.
तोइवो मुरू. टेर्जे मेत्स.
चर्चमध्ये पुढच्या बाकावर खोकणारी ती, तिचं नाव काय ते.
ज्याच्या त्याच्याकडे मी तसा पाहू लागलो
जशी बेकरीवाली आता माझ्याकडे पाहते,
सुट्टे पैसे हातावर ठेवताना
जरा मोठ्याने बोलत.

आईने एकदा नाव ठेवलं, एंदेल.
पुढे लोकांनी ठेवली ती नावं.
उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात.
हल्ली जीभसुद्धा लागत नाही,
अंगठ्यावर भागतं.

जानेवारीत संगीतशाळेचा फोन:
यंदा तालिनहून माणूस बोलावलाय.
"गैरसमज नको, एंदेल."
गैरसमज कुठला. नीट ऐकू आलं.

लेक म्हणाली, कानामागे टाका, बाबा.
मग तिनेच मैत्रिणींकडून लिहवून घेतलं,
पाच तारे, अप्रतिम!
पाच तारे, अत्यंत तत्पर सेवा!
पाच तारे, अप्रतिम!
त्यातल्या दोघींच्या घरी पियानोच नाही.
म्हटलं, काढ ते.
ती न जेवता तार्तूच्या बसमध्ये जाऊन बसली.

उत्तर लिहायला घेतलं.
पहिल्यात वकील होता.
दुसऱ्यात माझी बायको, जी आता नाही.
चौथ्यात एकतीस वर्षांच्या पावत्या,
तळ्याकाठच्या हॉटेलातल्या
त्या बिअर प्यायलेल्या पियानोसकट.
सातव्यात फक्त एक शिवी, पण सुरात.
आठवं लिहिताना शेगडी विझली.
लाकूड घालायला वाकलो
आणि वाकलेलाच राहिलो.

डावा कान.
वर्ष झालं, शेवटच्या सप्तकात पट्टी दाबली
की लाकडाचा ठक् तेवढा येतो.
मला ठाऊक होतं, डॉक्टरला ठाऊक होतं,
आता टी. एम.ला.
निव्वळ खोटं असतं तर
पहिल्याच रात्री झोप लागली असती.

आणि समोरच्या आगीकडे बघता बघता
तो पियानोही आठवला. तपकिरी, जुना,
भिंतीतल्या शेगडीला पाठ लावून
आजोबासारखा शेकत बसलेला.
बाहेर उणे बावीस, आत हवेत थेंबभर ओल नाही.
असल्या जागी देवाने लावलेला सूरही
आठवडाभर टिकायचा नाही.

नववं उत्तर असं:
"वरचे स्वर माझे चुकले असतील.
डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
यापुढे यंत्र लावून तपासेन.
पियानो शेगडीपासून हलवा, जवळ पाणी ठेवा.
गुरुवारी दहाला येतो. पैसे नकोत.
एंदेल काल्युवे."

दुसऱ्या दिवसापासून गाव
माझ्या उजव्या बाजूला येऊन बोलू लागलं.
बेकरीवालीसुद्धा. काउंटरला वळसा घालून.

गुरुवारी दार उघडलं
ते चौदा वर्षांच्या पोरीने.
दाताला तार, कान लालबुंद.
परीक्षेत नापास झाले होते, म्हणाली,
पायाकडे बघत.
पियानो खिडकीशी सरकवलेला,
खाली बाळाला आंघोळ घालायचा टब, काठोकाठ.
वरच्या पट्ट्या तू ऐक, म्हटलं.
मी पीळ देत गेलो.
"अजून," ती म्हणाली.
"अजून थोडं. नको. मागे."
यंत्राचा काटा तिच्या नंतर पोचायचा.

तो एक तारा अजून तिथेच आहे.
काढ म्हणालो नाही, तिने काढला नाही.
आजूबाजूला चार-दोन उगवलेत,
सरासरी तीन पूर्णांक एक.
शाळेत अजून तालिनचाच माणूस येतो.

तुटलेल्या जागी नवी तार घातली
की पहिलं वर्ष ती उतरतच राहते,
पुन्हा जाऊन चढवावी लागते.
गुरुवार मोकळे ठेवलेत.