अर्धा घंटा खर्र्याबिगर

भाट यायचा बोरनाळ्यात दर तीन वर्षांनी,
लाल कापडातली वही सोडायचा
अन् बोट ठेवून वाचायचा एकेक घर:
अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा.
आमच्या ओळीवर आला की त्याला खोकला यायचा.
पाणी मागायचा. पाणी पिऊन
पुढच्या घरावर जायचा.

बाबांच्या दाखल्यावर मधलं नाव पार्बता.
श्रावण पार्बता लांजेवार. आडनाव मामाचं.
गुरुजींनी म्हणे दोनदा विचारलं,
आजीनं दोन्ही वेळा आपलंच नाव सांगितलं.
तिसऱ्यांदा म्हणाली, लिव्हा न गुरुजी, शाई वाळून राह्यली.

ती आर्वीच्या जिनात सरकी भरायची.
एवढंच माहीत आहे. अन् हे,
की गावातल्या चक्कीच्या इंजिनाचा ठोका चुकला
तर ती घरात बसून सांगायची, कोणता नट ढिला आहे.
हे तिला कुणी शिकवलं,
ते कुणी विचारलं नाही.

मी तलाठी कार्यालयात. दिवसभर
लोकांचे वारस चढवते सातबाऱ्यावर.
मयत, मयताचा मुलगा, मुलाची मुलं.
बाबांची तेरवी झाली अन् मी डीएनएची नळी मागवली,
सहा हजार चारशे, बिशीचे पैसे.
पत्रकात लिहिलं होतं:
बापाकडून बापाकडे जाणारी ही खूण
मुलींमध्ये उतरत नाही.
वाचताना मला भाटाचा खोकला ऐकू आला.

गुणवंता पानठेल्यावर सापडला.
खर्रा थुक, म्हटलं. चूळ भर. अर्धा घंटा काही खाऊ नको,
मग या नळीत थुक, रेघेपर्यंत.
"थुकून का आजा भेटते, वनमाला?"
भेटते.
"अन् अर्धा घंटा खर्र्याबिगर?
त्यापरीस बेवारस बरा."
तरी बसला. गुडघा हलवत, मोबाइलवर मिनिटं मोजत.
माझ्या भावाला मी इतका वेळ गप्प
कधी पाहिलं नव्हतं.
खालचा ओठ थेट बाबांचा.
बाबांचा कुणाचा?

आर्वीत कुरियरवाला पोरगा म्हणाला, यात काय आहे?
आजोबा, असं तोंडावर आलं होतं.
नमुना, म्हटलं.
त्यानं 'इतर' लिहून टाकलं.

अडीच महिन्यांनी आलं:
एक इंग्रजी अक्षर, पुढे चार आकडे.
रुईच्या गाठीवर मारतात तसा मार्का.
गाठ कोणत्या शेतातली, कुणी वेचलेली,
ते मार्क्याला कुठं माहीत असतं.
खाली एक ओळ: जुळणारे पुरुष, शून्य.
आमच्याकडचे बाप्ये नळीत थुंकत नाहीत,
त्यांना रस्ता पुरतो.

गुणवंता मात्र तेव्हापासून
बाजाराच्या दिवशी माणसांचे ओठ पाहत फिरतो.
परवा म्हणे, तो मिरचीवाला पाह्य,
नाही, तो नाही, त्याच्या बाजूचा.

मग मी दुसरी नळी घेतली, स्वस्तातली,
जिच्यात मुलीही चालतात.
एक बाई जुळली. मूर्तिजापूरची मंदाकिनी.
चुलत किंवा आते, असं यंत्र म्हणतं.
रात्री तिनं लिहिलं:
आमचे आजोबा जिनाच्या इंजिनावर फिटर होते,
हंगामापुरते जायचे, दिवाळीनंतर.
शिमग्याला घरी. एका साली
होळीची राख पार निवल्यावर आले.
आजी वर्षभर बोलली नाही.

त्यांचं नाव मी विचारणारच होते.
तिनं आधी विचारलं,
तुमच्या आजीचं नाव काय होतं?

आजीचं नाव कुणाला विचारावं लागलं नव्हतं,
सगळ्यांना ते
नको त्या जागी लिहिलेलं दिसायचंच.

पार्बता, मी लिहिलं.
पडद्यावर ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं,
मग दिसेना,
मग पुन्हा.

ओट्यावर गुणवंता. तोंडात काही नव्हतं त्याच्या.
"का म्हणते?"