माप

राष्ट्रकूटांची राजधानी म्हणून आलो,
तर कंधारात आधी भेटली
पंक्चरची दुकानं, केळ्यांचा गाडा
आणि किल्ल्याच्या खंदकात
डुंबणारी तीन पोरं.

देवळं पाहिली. म्हणजे
जोती पाहिली, अन् कुणाच्या ओट्याला
उलटं बसवलेलं कीर्तिमुख.

मग क्षेत्रपाळ.
पन्नास फूट होता म्हणे.
आता एक पाऊल, गुडघ्याचा तुकडा,
शेळ्यांना अंग घासायला बोटं.

सोमवारी दुकान बंद म्हणून
उगीच सोबत आलेल्या मैनोद्दीन टेलरनं
गळ्यातली टेप काढली.
अंगठा मोजला. नख वेगळं मोजलं.
पुटपुटत राहिला,
"अंगठा एवढा, तर घोटा...
निस्त्या पायजम्याला ठाण लागंल, भाऊ."

मी हसलो. तो नाही.
खिशातली वही उघडून
गिऱ्हाइकाच्या जागी लिहिलं: थोरले, कंधार.
ॲडव्हान्स: काही नाही.
कपडे कधी द्यायचे
ती ओळ कोरी.

परतीच्या एसटीत
टेप तशीच गळ्यात, धुळीसकट.
लोह्याच्या पुढं कुठंतरी
काचेकडं बघत म्हणाला,
"खांद्याचं माप कुणी घेतलं असंल तवा?
अन् खाली शिडी
कुणी धरली असंल?"