मोजणी

उम्म अल कुवैनच्या धक्क्यावरून पहाटे साडेचारला
खल्फानची होडी सुटते.
होडीत मी, शाजी, तिपाई, दुर्बीण,
आणि गोणीभर लोखंडी खुंट्या, डोकी लाल रंगवलेल्या.

नकाशात बेटावर एकच शब्द आहे : रिकामं.
त्यावर निळ्या शाईत चाळीस व्हिला,
पाण्यात उतरणारे जिने,
आणि मधोमध एक तळं, पोहायला.
चहूबाजूंनी समुद्र असताना, तळं.

बेट आधी नाकाला लागतं.
मासळी, चुना, शिळं मूत.
शाजीने रुमाल बांधला. मी नाही.
हर्णैच्या बंदरावर वाढलोय,
वास म्हणजे कुणीतरी घरी आहे, एवढं कळतं.

उजाडलं तेव्हा वाळू काळी होती.
काळी नव्हती, बसलेली होती.
एकेक पक्षी आपापल्या वाटीएवढ्या खळग्यात,
शेजारणीपासून बरोब्बर एक चोच लांब.
"लोह," खल्फान म्हणाला.
पाणकावळ्याला तो लोह म्हणतो.
मला हसू आलं.
माझ्या भाषेत लोह म्हणजे ही गोणी.

पहिली खुंटी ठोकायला वीस पावलं चाललो.
वीसच.
पुढची रांग उठली, मग तिच्यामागची, मग सगळं बेट
सतरंजी झटकावी तसं,
आणि खाली अंडी राहिली, फिकट निळसर, उघडी.
कुरव कुठून आले कळलं नाही,
मुहूर्त काढून ठेवल्यासारखे आले.
तीन अंडी गेली, मोजली मी.
चौथ्याला पाठ फिरवली.

खल्फान ओरडला नाही.
"मेरा बाप इधर बैठके चलता था," म्हणाला. "खडा नहीं."

मग मी बसलो. सरपटत, कंपनीचा बिल्ला वाळूत घासत
होडीत परत आलो,
आणि उथळ पाण्यात नांगर टाकून
तिथूनच बिंदू घ्यायला लागलो.
यंत्राला प्रत्येक बिंदूचं नाव लागतं :
काठ, झाड, खांब, विहीर.
यादीत पाणकावळा नव्हता.
मी टाकलं, घर.
घर एक. घर दोन.
बारा वाजता आई की बाप कोण जाणे,
पंख जरासे उचलून अंड्यांवर सावली धरून बसलेले,
गळ्याची कातडी थरथरतेय, तरी उठत नाहीत.
घर चारशे बारा.
बॅटरी संपली तेव्हा घर दोन हजार एकोणसाठ.
बेटाचा एक कोपराही झाला नव्हता.

शारजाच्या ऑफिसात देवस्थळीसाहेबांनी फाइल उघडली.
"नकाशाला गोवर आलाय का हो?"
मी गप्प.
"व्हिला कुठायत?"
गोवराखाली.
"आणि खुंट्या?"
गोणीत.
त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.
त्यांच्या मुलीची फी, शाजीचा व्हिसा,
माझं हर्णैचं अर्धं राहिलेलं छप्पर,
सगळं त्या टेबलावर येऊन बसलं होतं.
"पुसता येतील?"
येतील. एक कळ दाबली की.

बराच वेळ एसीचा आवाज.
मग त्यांनी फाइलीला नाव दिलं 'अंतिम'
आणि पर्यावरण खात्याला धाडली,
माझं नाव काढून. ते माझ्यासाठी की स्वतःसाठी,
विचारलं नाही.

पुढचं ठाऊक नाही.
रविवारी दुसरा कुणी जाईलही, उभा चालणारा.
गोणी माझ्या पलंगाखाली आहे.
खोली दमट, खाडीवरची.
काल रात्री सहज आत हात घातला,
बोटांना गंज लागला.
धुतला नाही लगेच.