कारणाचा रकाना

रंगपंचमीची गेर निघून गेली.
राजवाड्यापासून खजुरी बाजारापर्यंत रस्ता अजून गुलाबी,
आणि मी ठाण्याच्या कोठारात
परत आलेल्या लाठ्या मोजतेय.
अठ्ठावन्न गेल्या, अठ्ठावन्न आल्या.
एक्केचाळीस नंबरची मात्र उभी चिरलेली,
चिरेत गुलाल.
सगळाच गुलाल नव्हे.

नव्या साहेबांनी वहीत रकाना वाढवलाय: कारण.
रुंदी दोन बोटं.
आजवर त्यात एकच शब्द मावत आला, ‘गर्दी’.

आमच्या वेळी रेशमवाले उस्ताद
वाळूच्या पोत्यावर खडूनं रेघ मारायचे, कमरेशी.
रेघेवर वार गेला की मैदानाला तीन फेऱ्या.
पोतं पळत नसे, शिव्या देत नसे,
हात जोडत नसे.

एक्केचाळीसवाला देवांश फणसे. नोकरीला सात महिने.
म्हणाला, “ताई, लिहा ना, जमिनीवर आपटली.”
आणि कॅमेरा?
“भिया लोक सांगतात, कॅमेरा चौकात आहे,
गल्लीत नाही.”
हे कुठल्या तासाला शिकवतात,
वेळापत्रकात मला कधी दिसलं नाही.

त्याच्या हातातला चहा बशीत सांडत होता.
पोरगा सोळा-सतराचा असेल, एवढंच बोलला.
“कुठे लागली?”
त्यानं स्वतःच्याच कानामागे बोट ठेवलं
आणि ते तिथंच राहिलं.

मी वही आडवी केली.
रकान्याबाहेर, समासात,
सही-शिक्क्याच्या जागेतसुद्धा लिहीत गेले.
अक्षर फार बारीक झालंय.
उद्या साहेब खिशातून चष्मा काढतील
की नुसती सही करायला
जागा शोधतील?