टेबल नंबर अकरा

वीजखात्यातून आठ दिवसांची रजा टाकली,
कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती.
आणि रोज सकाळी दिवाडीहून फेरीबोट, रायबंदरला बस,
पणजीत हॉटेलच्या मागच्या दाराने आत.
तिथे जगभरचे हौशी खेळाडू जमले होते.
हौशी म्हणजे यावर ज्यांचं पोट नाही ते.
एक दातांचा डॉक्टर. एक आगीच्या बंबावरचा.
आणि माल्टाचा साल्वू ग्रेक, बेकरीवाला, वय एकावन्न,
ज्याच्या वेस्टकोटाचं खालचं बटण लागत नव्हतं.

त्याच्याच मागे का लागलो, नीट सांगता येणार नाही.
बहुतेक क्यूला खडू लावायची पद्धत:
पावाला लोणी लावावं तशी, पार कडेपर्यंत.

गर्दी सगळी एक नंबरला, आपल्या पोराच्या टेबलाशी.
अकराला चाळीस खुर्च्या,
त्यांत मी, एसीत शाल लपेटलेली कुणाची तरी बायको
आणि बिल्ला लावून झोपलेला एक स्वयंसेवक.
आवाज म्हणाल तर आडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा,
मग पंचाचा आकडा.
एक. आठ. नऊ. चौदा.
मी मीटर वाचणारा माणूस, मला डोळे मिटूनही कळायचं:
लाल, काळा, लाल, निळा.

तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पोय नेली,
आमच्या वाड्यावरच्या मिंगेल पोदेराची, रुमालात बांधून.
त्याने खालच्या बाजूला बोटाने टकटक केलं,
कानाशी धरली,
मग फोडून अर्धी मला दिली.
बोललो फार नाही. त्याचं इंग्रजी आणि माझं
दोन्ही लंगडी, वेगवेगळ्या पायांनी.

बाद फेरीत समोर चिआंग माईचा एकोणीस वर्षांचा मुलगा.
तीन-तीन. शेवटची फ्रेम.
साल्वू पंधराने मागे, टेबलावर अठरा:
निळा, गुलाबी, काळा.
सोपं नाही, पण हातातलं.
तो वाकला. निळ्यावर नेम. क्यू दोनदा मागेपुढे,
आणि थांबला.
सरळ झाला, पंचाकडे वळला,
आणि आपल्या बाहीचं बटण दाखवत म्हणाला, फाउल.

पंचाने पाहिलं नव्हतं.
त्या मुलाने पाहिलं नव्हतं, तो पाणी पीत होता.
मी, सहा दिवस ज्याने डोळ्याची पापणी मोजून लवली,
त्या मीही पाहिलं नव्हतं.
गुलाबी चेंडू जागचा हलला होता का, तेही कुणी सांगू शकलं नसतं.
सहा गुण, पंच म्हणाला,
आणि पांढरे हातमोजे पाठीमागे बांधले.
एकवीसचं अंतर, टेबलावर अठरा.
मुलाने निळा घातला, साल्वूने हात पुढे केला.
शालवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या,
कुणासाठी, कुणास ठाऊक.

सामानाची बॅग घेऊन तो लिफ्टपाशी उभा होता.
मी विचारलं, का.
त्याला वाटलं, मी भट्टीबद्दल विचारतोय.
म्हणाला, चार वाजता पेटवतो. रोज.

परतीच्या फेरीबोटीत एका मोटरसायकलला टेकून उभा राहिलो.
मांडवीचं पाणी काळं, त्यावर कॅसिनोचे दिवे.
शहाण्णव साली, म्हापशात, क्लबच्या फायनलला
तपकिरी चेंडूला माझी कफ लागली होती.
पंच दत्ताराम काका, मोतीबिंदू झालेले.
मी वाकलेलाच राहिलो, आणि मारला.
टाळ्या. फोटो. फोटोत कफ दिसते.
त्यानंतर महिनाभरात खेळ सुटला,
नोकरी लागली म्हणून, असं सगळ्यांना सांगत आलो.

रविवारी फायनल होती. गेलो नाही.
कपाटावरचा कप खाली काढला, जर्मन सिल्व्हरचा, एक कान डुगडुगणारा.
आत सेफ्टी पिना, आईची जपमाळ, एक जळका फ्यूज.
सगळं चादरीवर ओतलं.
बायको दारातून म्हणाली,
काय हरवलंय?