पितळेचा आकडा

कंपनीचं यंत्र अडतीस हजारांचं.
प्राचार्यांनी कोटेशन न बोलता परत दिलं.
कागद मागून कोरा होता,
त्यावरच मी आकृती काढली.

वागळे इस्टेट. पत्र्याच्या गाळ्यात
लोटलीकरांचं लेथ.
भंगारातून चार सळ्या काढून त्यांनी कापल्या:
तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि एक स्टेनलेस.
"ही जिन्याच्या कठड्याची. भरीव मिळत नाही सहसा."
प्रत्येकीला पाच भोकं, दोन-दोन सेंटिमीटरवर,
सरळ, जशी शिवणयंत्राने पाडावीत.
मजुरी विचारली तर म्हणाले,
आमची केतकी तुमच्याच कॉलेजात, बारावीला.
मग दीडशे घेतले.

भोकात थर्मिस्टर, नग तेवीस रुपये.
वाफेला कुकर, शिट्टी काढलेला.
गार टोकाला सलाइनची नळी,
तिचं थेंब मोजायचं चाक तसंच ठेवलं,
पाणी एका चालीने वाहावं म्हणून.
भोवती थर्माकोल लावला, तो वाफेपाशी वितळला,
दोन दिवस वर्गाला वास.
मग नारळाचा काथ्या. वर सुतळी.

पितळ चुकलं.
पुस्तकात एकशे नऊ, आमचं एकोणनव्वद.
केतकीने विचारलं, पुस्तकातलं लिहू?
(लिहितात. मीही लिहिलं होतं, सत्त्याण्णव साली,
आणि सरांनी लाल शाईत बरोबरची खूण केली होती.)
म्हटलं, नको.
ते वीस कुठे गेले ते शोध.

तिने पंखा बंद केला,
सळीच्या कडेने गाल नेला हळूहळू,
झोपलेल्या बाळाचा ताप बघावा तसा,
आणि शेवटच्या भोकापुढे, जिथे सुतळी सैल होती,
तिथे थांबली.
इथून जातंय, मॅडम.

शनिवारी लोटलीकर बघायला आले.
कुकर उकळत होता. तांब्याच्या उघड्या टोकावर
त्यांनी बोट टेकवलं, आणि तसंच ठेवलं.
"तापलंय का अजून?"
मीटरवर एकसष्ट.
केतकीने त्यांचा हात झटक्यात बाजूला ओढला.
ते बोटाकडे बघत राहिले,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.
एकतीस वर्षं तापलेला कीस उडतोय त्यावर.

वहीत चार धातूंखाली
तिने पाचवी ओळ आखली.
पदार्थाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

काथ्या पुन्हा आवळला.
पितळ या खेपेला एकशे तीन.
तेच लिहिलं.